समोरच्या प्रांतातलं घर

मी मत्सरी माणूस नाही. हे मी गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय आणि बहुतेकांनी मान डोलावलीय. डार्लीननं डोलावलेली नाही, पण ती माझी बायको आहे, तिला घरातलं दिसतं. रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहतो आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या बाकड्याकडे बघून जे पुटपुटतो, ते तिला ऐकू येतं.

त्या बाकड्याच्या पाठीवर ड्वेन क्लासन आहे. म्हणजे त्याचा फोटो. घरं विकणाऱ्या एजंटानं आपला चेहरा बाकड्यावर लावायचा, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. लोक घर विकायला काढतात तेव्हा कुणाचा अनुभव किती हे बघत नाहीत. ज्याच्या तोंडाला पाठ टेकून वर्षभर बसची वाट बघितली त्यालाच फोन करतात. त्याबद्दल माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे दातांबद्दल. इतके दात माणसाला असतात का? आणि इतके पांढरे? ड्वेन माझ्या हाताखाली शिकलाय. गोठलेल्या जमिनीत 'घर विकणे आहे'च्या पाटीचा खांब कसा ठोकायचा, लोक घर बघायला यायच्या आधी ओव्हनमध्ये बिस्किटं भाजून घरभर वास कसा करायचा, तळघरात ओल असेल तर ती आधी आपणच कशी दाखवायची, हे सगळं त्याला मी शिकवलं. दात मी शिकवले नव्हते.

आता बाकड्याचं एक वेळ मी पोटात घातलं असतं. पण गेल्या शरदात रस्त्याच्या पलीकडच्या बाकड्यावरही ड्वेन उगवला. कॅनडातल्या आमच्या विलोमियर गावात रस्त्याच्या मधली पिवळी रेघ हीच दोन प्रांतांची हद्द आहे. माझं घर सस्कॅचवानात, समोरचं घर अल्बर्टात. बर्फ दोन्हीकडे एकाच वेळी पडतो, कुत्री दोन्हीकडे सारखीच भुंकतात, पण एजंटाचं लायसन मात्र रेघ ओलांडत नाही. माझ्याकडे फक्त अलीकडचं लायसन. पलीकडच्या घराचा नळ गळत नाही एवढंसुद्धा मी कुणाला धंद्याच्या नात्यानं सांगू शकत नाही. ड्वेननं दोन्हीकडचं मिळवलं. तेव्हापासून दोन बाकड्यांवरचे दोन ड्वेन रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघून हसतात आणि मला रोज त्या हसण्याच्या मधून गाडी काढावी लागते.

आणि नेमकं ह्याच हिवाळ्यात इंगाकाकूंनी घर विकायचं ठरवलं.

इंगाकाकू थोरवाल्डसन म्हणजे माझ्या खिडकीसमोरचं घर. दाताच्या डॉक्टरची विधवा. लाल विटांचं, रुंद ओसरीचं, मागे सफरचंदाची तीन झाडं असलेलं असं घर, की गावातला प्रत्येक एजंट रात्री झोपताना एकदा त्याचा विचार करतो. काकू लेकीकडे केलोनाला राहायला निघाल्या होत्या.

"घर तूच विकायचंस, मायरन," काकू म्हणाल्या. "पण सगळं कायदेशीर. ह्या वयात मला कोर्टात उभं राहायचं नाही."

"काकू, माझं लायसन अलीकडचं आहे."

"मग पलीकडचं घे. त्या क्लासनच्या पोरानं घेतलंच ना?"

हे वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारलं. माझ्या कानात मात्र ते दिवसभर राहिलं.

"बर्फ वितळला की लेक येईल मला न्यायला," त्या म्हणाल्या. "तोवर मी थांबते. तोवर नाही जमलं तर मात्र ड्वेनला सांगावं लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी वाईट वाटून घेतलं नाही. मी घरी आलो, खिडकीशी उभा राहिलो आणि समोरच्या अंगणात ड्वेनची पाटी रोवलेली डोळ्यांपुढे आणली. सकाळच्या कॉफीला ड्वेन, दुपारच्या सूपला ड्वेन, रात्री भांडी विसळताना दिव्याच्या उजेडात चमकणारे दात. त्या क्षणी मी ठरवलं, की काय वाट्टेल ते होवो, त्या अंगणात पाटी लागली तर माझी लागेल.

"अर्ज करायचाय तर कर," डार्लीन म्हणाली. "पण आधी नीट वाच. आणि कॉफीच्या दुकानात जाऊन कुणाला विचारू नकोस."

म्हणून मी कॉफीच्या दुकानात गेलो.

तिथे लोर्नकाका पिडस्काल्नी कायमचे बसलेले असतात. धान्याच्या कोठारावर त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यापासून उरलेल्या सगळ्या विषयांत लक्ष घातलं. मी त्यांना सांगितलं, की लायसन दुसऱ्या प्रांतात न्यायचंय. एका प्रांताचं लायसन असलं की दुसऱ्यानं ते मान्य करायचं, पुन्हा सगळी परीक्षा द्यायची नाही, असा नियमच आहे.

"म्हणजे बदली," लोर्नकाका म्हणाले. "हॉकीतल्यासारखी."

"तसंच काहीतरी."

"मग आधी जुनी टीम सोडावी लागेल."

"लागेल का?"

"अरे, खेळाडू एकाच वेळी दोन टीमकडून खेळतो का? गोल कुणाला मारणार? आधी जुना शर्ट परत करायचा, मगच नवीन मिळतो. माझ्या मेव्हण्यानं वेल्डिंगचं असंच केलं होतं."

"मग मिळालं का त्यांना नवीन?"

"तो वारला मध्येच. पण पद्धत हीच."

आता मला सांगा, ह्यात कुठे काही खटकतं का? आमच्याकडे मूल चालायच्या आधी बर्फावर घसरायला शिकतं. खेळाडूची बदली कशी होते हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. ड्वेन दोन्हीकडचं लायसन घेऊन बसलाय ही गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यात आली होती, नाही असं नाही. पण मी स्वतःला सांगितलं, की ड्वेनची काहीतरी वशिल्याची भानगड असणार. मत्सरी माणसाला कुठलंही कोडं सुटायला वेळ लागत नाही. अर्थात मी मत्सरी नाही.

पहिलं काम पोलिसांच्या दाखल्याचं. पलीकडे म्हणे माझ्याच नावाच्या कुणा मायरन पावलिशिननं एकदा ट्रॅक्टर पळवला होता. आमच्या युक्रेनी लोकांनी ह्या मैदानी मुलखात येताना नावं मोजकीच आणली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली, त्याचा हा परिणाम. तो मी नव्हे हे सिद्ध करायला बोटांचे ठसे हवे होते. आणि ठसे द्यायच्या आदल्याच दिवशी उणे तीसच्या थंडीत एका पाटीचा लोखंडी खांब सरळ करायला मी हातमोजा काढला होता. बोटं खांबाला चिकटली. ओढली तेव्हा मी सुटलो, कातडी राहिली.

"तुमच्या बोटांवर काहीच नाहीये," कॉन्स्टेबलबाई भिंगातून बघत म्हणाल्या.

"येईल परत."

"येईल हो. पण तुम्हाला कुठे दरोडाबिरोडा घालायचा असेल, तर हाच आठवडा बघा."

मी हसलो नाही. समाजात पत असलेल्या माणसाशी पोलिसांनी असं बोलू नये. बाहेर पडलो तर ड्वेन भेटला. तो गावच्या हॉकीच्या मंडळासाठी वर्गणी मागायला आला होता आणि आतल्या सगळ्या पोलिसांना नावानं हाका मारत होता.

"काय बॉस, इकडे कुठे? पकडलं की काय?"

तो मला अजून बॉस म्हणतो. ह्यात त्याला काय मिळतं मला ठाऊक नाही. मी हाताला बांधलेल्या पट्ट्या खिशात घातल्या आणि गाडी हुडकायला लागलो. गाडी समोरच होती.

बोटांना कातडी येईपर्यंत मी स्वस्थ बसायला हवं होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं मी एक बाकडं ठरवून टाकलं. पलीकडच्या बाजूला, ड्वेनच्या बाकड्यापासून दोन चौक पुढे. फोटो नवीन काढला. दात पांढरे करायचं औषध आणून आठवडाभर लावलं, त्यानं दात होते तसेच राहिले आणि हिरड्या मात्र पांढऱ्या झाल्या. बाकडंवाल्याला मी बजावून सांगितलं होतं, की घाई नाही, उन्हाळ्याच्या तोंडाला लाव. लायसन हातात नसताना जाहिरात करणं हा गुन्हा आहे, एवढं मलाही कळतं.

मग मी शर्ट परत केला.

आमच्या कचेरीच्या मालकीणबाई ग्लॅडिस दर हिवाळ्यात थंडी चुकवायला ॲरिझोनाला जातात. गावातले निम्मे म्हातारे जातात. त्या असत्या तर त्यांनी माझ्या हातातला कागद फाडून माझ्याच टोपीत टाकला असता, हे आता कळतंय. पण त्या तिकडे काटेनिवडुंगात गोल्फ खेळत होत्या, आणि इकडे काउंटरवरच्या मुलीनं माझा राजीनामा घेतला, लायसन परत करायचा अर्ज वर पाठवला आणि केक मागवला. केकवर 'जा मायरन जा' असं लिहिलेलं होतं. त्यामागे प्रेम होतं असं मी धरून चालतो. मी छोटंसं भाषणही केलं. नवी क्षितिजं वगैरे. डोळ्यांत पाणी आलं ते माझ्याच. बाकीचे केक खात होते.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या प्रांताच्या लायसन-कचेरीत फोन लावला. बाई फार गोड होत्या.

"सर, तुमचं आत्ताचं लायसन कुठल्या प्रांताचं आहे?"

"आत्ता? आत्ता कुठलंच नाही. मी ते परत केलं. अगदी राजीखुशीनं."

"कशासाठी?"

"तुमच्याकडे यायचंय ना!"

फोनमध्ये मागे कुणीतरी स्टेपलर मारत होतं, तेवढं ऐकू आलं.

"सर," बाई म्हणाल्या, "दुसऱ्या प्रांताचं चालू लायसन आम्ही मान्य करतो. तुमच्याकडे मान्य करण्यासारखं काही उरलेलंच नाही."

"मग मी आता कोण आहे?"

"ते मी कसं सांगणार, सर? आमच्या दृष्टीनं तुम्ही एक नागरिक आहात."

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलंय. पण 'नागरिक' हा शब्द इतका लागेल असं वाटलं नव्हतं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं. जुनं लायसन परत मिळवायला कुठल्यातरी कचेरीनं मला कामावर घेतल्याची सही लागणार, आणि ती सही करणाऱ्या ग्लॅडिसबाई वसंतात रानबदकांबरोबरच उत्तरेकडे परतणार. फोन केला तर म्हणाल्या, "मायरन, मी इथे मूर्खपणा विसरायला येते. आल्यावर बघू."

लोर्नकाकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मग हॉकीपेक्षा ते बेसबॉलसारखं असेल," आणि त्यांनी दुसरी कॉफी मागवली.

इतकं होऊनही माणूस निभावून नेतो. कुणाला कळलं नाही तर अब्रू शाबूत राहते. मी कुणाला सांगणार नव्हतो. पण त्याच आठवड्यात हवा जरा निवळली आणि बाकडंवाल्याचा फोन आला.

"पावलिशिनसाहेब, एक जागा रिकामी झाली म्हणून तुमचं बाकडं आजच लावून टाकलं. म्हटलं, तुमचं काम आधी. एकदम झकास दिसताय!"

मी चपला घातल्या का बूट हे आठवत नाही. पोचलो तेव्हा अल्बर्टाच्या भर चौकात मी बसलेलो होतो, म्हणजे माझा फोटो. 'मायरन पावलिशिन. आता तुमच्याही बाजूला.' ज्या माणसाला कुठल्याच प्रांतात घर विकायचा अधिकार नाही, त्याचं तोंड तिथे एवढं मोठं, पांढऱ्या हिरड्यांसकट, धंदा मागत होतं. पलीकडच्या कचेरीतल्या कुणी बघितलं असतं तर माझा अर्ज जन्माला यायच्या आधीच गेला असता. बाकडंवाला पाना-पक्कड घेऊन दुसऱ्या गावाला निघून गेला होता. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. गाडीत झाकायला काही नव्हतं. तेव्हा जे करणं शक्य होतं ते मी केलं. मी स्वतःच्या तोंडासमोर जाऊन बसलो.

बाकडं लांब असतं आणि मी मध्यम बांध्याचा आहे. तोंड झाकावं तर नाव उघडं पडे, नावाकडे सरकावं तर टेलिफोन नंबर. शेवटी कोट सोडून पंख्यासारखा दोन्हीकडे पसरला आणि तसाच बसून राहिलो. थंडी उणे अठ्ठावीस होती. बस आली. चालकानं दार उघडलं. मी मान हलवली. त्यानं दार लावलं. पुढची बस आली. तोच चालक.

"आता तरी येताय?"

"नाही. बसलोय नुसता."

"घरी सगळं ठीक आहे ना?"

चौथ्या खेपेला त्यानं खाली उतरून मला आपला मफलर दिला आणि बायकांच्या मनातलं कुणाला कळतं, असं काहीतरी सांगून गेला.

मग एक गाडी थांबली आणि काच खाली झाली. दात आधी दिसले.

"बॉस!" ड्वेन म्हणाला. "इथे काय करताय?"

"हवा खातोय."

तो उतरला, बाकड्याला वळसा घालून मागे गेला. बाकड्याच्या मागच्या बाजूलाही माझा फोटो असतो हे मी विसरलो होतो. तो हसत असणार, अशी माझी खात्री होती, आणि तो हसावा अशी माझी इच्छाही होती, म्हणजे मला त्याचा नीट राग करता आला असता. तो परत पुढे आला. हातात दोन कॉफ्या आणि डिकीतली निळी ताडपत्री. ताडपत्री त्यानं बाकड्यावर टाकली, चारी बाजूंनी दोरी बांधली आणि गाठही मी शिकवली होती तीच मारली.

"फोटो छान आलाय," तो म्हणाला.

कॉफीत साखर दोन, साय दोन, मला लागते तशीच. माणसानं इतकं चांगलं असू नये. त्यानं समोरच्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी ती कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो आणि प्रत्येक घोटाला जळत राहिलो.

त्यानंतरचे आठवडे मी नागरिक म्हणून काढले. ते कसे असतात हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. चर्चच्या हॉलमध्ये सहभोजन होतं. डार्लीननं बटाट्याच्या पिरोही, म्हणजे आमच्या युक्रेनी करंज्या, केल्या होत्या. मी ताट घेऊन बसतो तोच कुणीतरी शेजारी येऊन म्हणालं, "मायरन, आमच्या गॅरेजवर खोली काढली तर घराला किती जास्त येतील?" उत्तर माझ्या जिभेच्या टोकाशी होतं. ह्या गावातल्या प्रत्येक गॅरेजचं उत्तर माझ्या जिभेच्या टोकाशी आहे. पण लायसन नसताना तोंड उघडलं आणि कुणी तक्रार केली तर संपलं. मी पिरोही तोंडात कोंबली आणि छताकडे बघितलं.

"त्याला सध्या बोलायची परवानगी नाही," डार्लीन त्या गृहस्थांना म्हणाली. "मला तर हे आवडायला लागलंय."

तेवढ्यात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ड्वेननं त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. बरोबर दिलं. लोक माना डोलावत होते. माझं ज्ञान दुसऱ्याच्या तोंडातून, माझ्याच पिरोहीचा घास घेत घेत बाहेर पडत होतं.

आणि एका दुपारी खिडकीतून मी जे पाहिलं, त्यानं कॉफीचा मग माझ्या हातातून सिंकमध्ये पडला. ड्वेन इंगाकाकूंच्या घरातून बाहेर पडत होता. हातात मोजायची फीत. काकू त्याला ओसरीपर्यंत सोडायला आल्या होत्या आणि त्याच्या हातात ॲपल पायचा डबा होता. त्या डब्याचा कितीतरी वर्षांचा मानकरी मी. त्यानं अंगणात मधोमध उभं राहून घराकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग थेट माझ्या खिडकीकडे. मी खाली बसलो.

"काय झालं?" डार्लीननं विचारलं.

"घर गेलं. पाटीची जागा बघतोय तो."

"मग जाऊन विचार काकूंना."

"मी विचारणार नाही. मला पण काही स्वाभिमान आहे."

"तू सिंकखाली बसलायस, मायरन."

सिंकखालून उठलो आणि विचारायला गेलो. काकू म्हणाल्या, "ड्वेन येऊन गेला हो. त्याचं त्याचं काहीतरी होतं. मी म्हटलं, मायरनचं लायसन येईपर्यंत मी कुणाशीच काही बोलणार नाही. थांबते म्हटलंय ना मी? पण बर्फ बघ कसा मऊ पडत चाललाय."

त्याचं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रात्रभर मात्र त्या 'काहीतरी'चे मी शंभर अर्थ लावले आणि एकाही अर्थात ड्वेन चांगला माणूस ठरला नाही.

रानबदकं आली. त्यांच्या मागून उन्हानं तांबूस झालेल्या ग्लॅडिसबाई आल्या. माझ्या टेबलावर तोवर झेरॉक्सचं मशीन ठेवलेलं होतं. बाईंनी मला त्या मशीनसमोर उभं करून सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली, कारण ॲरिझोनात फोनवर त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. कचेरीतले सगळे काम थांबवून ऐकत होते. हॉकीचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला. मग सही केली. अलीकडचं लायसन परत मिळालं, बोटांना कातडी आली, ठसे उमटले, ट्रॅक्टर मी चोरला नाही हे दोन्ही सरकारांना पटलं, आणि ग्लॅडिसबाईंच्या कचेरीला पलीकडेही परवानगी असल्यामुळे त्याच गोड आवाजाच्या बाईंनी मला एक दिवस फोनवर 'पावलिशिनसाहेब' म्हटलं. मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

केलोनाहून लेक आली त्याच दिवशी मी काकूंच्या अंगणात पाटी ठोकली. वरचा बर्फ गेला होता, खालची माती अजून दगड होती. ठोकताना मी अधूनमधून थांबत होतो, रस्त्यानं जाणाऱ्यांना नीट दिसावं म्हणून. डार्लीननं खिडकीतून फोटो काढला. त्यात माझी पाठ आली आहे, पण पाठसुद्धा खूश दिसते.

पुढे दोनच गिऱ्हाइकं अखेरपर्यंत टिकली. एक शाळेतलं तरुण मास्तर जोडपं होतं. गोड माणसं, बोलायला मऊ, नवऱ्याला बागकामाची आवड. त्यांनी देऊ केलेली किंमत थोडी कमी होती आणि बँकेनं कर्जाला होकार दिला तरच घेऊ, अशी अट होती. दुसरी ऑफर बंद पाकिटातून आली. मागितल्यापेक्षा जास्त, एकही अट नाही, काकू म्हणतील त्या दिवशी ताबा. खाली सही होती. स्वतः एजंट असून स्वतःसाठीच घेतोय हेही नियमाप्रमाणे स्वच्छ लिहिलेलं होतं.

ड्वेन क्लासन.

म्हणजे पाटी नव्हे. पाटी एखाद्या उन्हाळ्यात निघून गेली असती. हा स्वतः येणार होता. सकाळच्या कॉफीला, दुपारच्या सूपला, आयुष्यभर. फीत त्यानं पडद्यांसाठी आणली होती.

काकूंच्या स्वयंपाकघरात मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. लेक वर सामान बांधत होती. काकूंनी कागदांकडे बघितलंसुद्धा नाही.

"चष्मा कुठल्यातरी खोक्यात गेला," त्या म्हणाल्या. "आणि आकडे मला कधीच कळले नाहीत. शेजार तुला करायचाय, मायरन. तू सांगशील त्याला देते."

मी खरं सांगतो, त्या वेळी माझ्या तोंडात मास्तरांचं नाव तयार होतं. किती सोपं होतं! मास्तर भला माणूस होता. बागकाम करणार होता. कोणीही मला नावं ठेवली नसती. आणि लायसन नसतं, मी नुसता नागरिक असतो, तर शेजारी म्हणून मी खुशाल म्हणालो असतो, काकू, मास्तरांना द्या. पण लायसन होतं. दोन प्रांतांचं. ज्याला दूर ठेवायला ते मिळवलं, त्याच्याच नावानं ते आता माझ्या गळ्याशी आलं होतं. ज्याचं घर विकायचं त्याचं हित आधी, आपलं मागाहून. हे वाक्य मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. ड्वेनलाही शिकवलं होतं.

"ड्वेनला द्या," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही. "किंमत जास्त आहे, अट नाही. तुमच्या फायद्याचं तेच आहे."

काकू हसल्या.

"हिवाळ्यात आला होता ना तो, तेव्हाच त्यानं हे ओळखलं होतं. म्हणाला, काकू, मला घर हवंय, पण मी तुमच्याशी सौदा करणार नाही. मायरनचं लायसन येऊ द्या आणि त्यालाच विचारा. त्याला मी डोळ्यांसमोर नको असणार, तरी तो तुम्हाला खरं तेच सांगेल." त्यांनी सहीसाठी माझं पेन मागितलं. "मी म्हटलं, इतकी खात्री? तर म्हणाला, त्या माणसाची मला खात्री आहे."

मी पेन दिलं. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल माझीसुद्धा इतकी खात्री कधी नव्हती, आणि अर्ध्या मिनिटापूर्वी तर मुळीच नव्हती. तिथेसुद्धा तो माझ्या पुढे निघाला होता.